गॉलवेचे पब आणि तिथलं संगीत : जाण्याआधी वाचावं असं काही

गोदाकाठ

"गॉलवेला गेलात तर संध्याकाळी पबात जा, मस्त म्युझिक असतं." आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या शहराबद्दल एवढा सल्ला सगळेच देतात आणि तिथेच थांबतात. मग माणूस जुलैतल्या शनिवारी रात्री साडेनऊला क्वे स्ट्रीटवर पोचतो, दिसेल त्या दारात शिरतो, दोन तास कुणाच्या तरी पाठीकडे बघत उभा राहतो आणि स्पीकरवरची तीच ती गाणी ऐकून परततो. गावाच्या मध्यापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत रोज उत्तम पारंपरिक संगीत वाजत असतं. मात्र ते कुठल्या दारामागे, किती वाजता आणि कुठल्या खुर्चीवरून ऐकू येतं, हे माहीत असावं लागतं.

आधी तीन प्रकार वेगळे करू.

सेशन : कोपऱ्यातल्या टेबलाभोवती वादक एकमेकांकडे तोंड करून बसलेले. मंच नाही, निवेदन नाही, माईक बहुधा नाही. त्यातले दोन-तीन जण पबाने ठरवलेले असतात आणि त्यांना मानधन मिळतं. बाकीचे आपापलं वाद्य घेऊन येऊन बसतात. वाजतं ते मुख्यतः नाचाचं संगीत, शब्दांविना.

बॅलड : एक किंवा दोन गायक, गिटार, माईक, लोकांकडे तोंड. ओळखीची गाणी, सगळ्यांनी मिळून ध्रुवपद म्हणायचं. मजा असते, पण ते सेशन नव्हे. दारातून भिंतीवरचे स्पीकर आणि उभा राहून गाणारा माणूस दिसला की हा प्रकार समजावा.

तिकीट लावून कार्यक्रम : यासाठी अपर डॉमिनिक स्ट्रीटवरचं रोशीन डव. रॉक, इंडी, लोकसंगीत, विनोदी कार्यक्रम असं सगळं तिथे असतं. तारखा आधी बघून तिकीट काढावं.

रस्ता सोपा आहे. रेल्वे स्टेशन आणि बसचे थांबे आयर स्क्वेअरला लागून आहेत. तिथून विल्यम स्ट्रीट आणि पुढे शॉप स्ट्रीटने उतरत जायचं. शॉप स्ट्रीटवर टॅफ्स हा पब लागतो. रस्ता जिथे फुटतो तिथे मेनगार्ड स्ट्रीटच्या तोंडाशी टिग कोली. डावीकडचा फाटा हाय स्ट्रीटवरून क्वे स्ट्रीटकडे जातो. तिथे क्रॉस स्ट्रीटच्या कोपऱ्यावर निळ्या रंगाचा टी नॉक्टन आहे, ज्याला गावातले लोक नुसतं नॉटन्स म्हणतात. टिग कोलीवरून सरळ ब्रिज स्ट्रीटने ओब्रायन पूल ओलांडला की डॉमिनिक स्ट्रीट, आणि ती संपते तिथे सी रोडवर द क्रेन. आयर स्क्वेअरपासून क्रेनपर्यंत रमतगमत गेलात तरी वीस मिनिटं फार झाली.

रानवारा

चांगला धागा. माझ्या मते क्वे स्ट्रीटचा सगळा पट्टाच टाळावा. पूल ओलांडून पश्चिमेकडे जा, क्रेनमध्ये बसा. खाली बारमध्ये सेशन, वरच्या खोलीत ऐकणाऱ्यांसाठी कार्यक्रम. वरच्या खोलीत लोक खरंच गप्प बसतात, आणि पबात ही दुर्मीळ गोष्ट आहे.

सहाभोकी

क्रेनबद्दल शंभर टक्के सहमत, सरसकट टाळण्याबद्दल नाही. टिग कोली अगदी पर्यटकांच्या वाटेवर आहे, पण तिथे संध्याकाळी एक आणि रात्री एक अशी रोज दोन सेशनं होतात आणि वाजवणारे पट्टीचे असतात. भिंतीवर वादकांचे फोटो लावलेत ते शोभेसाठी नव्हेत, त्यातले बरेच जण तिथे बसून गेलेत. अडचण जागेची आहे. पब लहान, वादकांचं टेबल दारात शिरल्याशिरल्या. तिथे गर्दी इतकी होते की मागच्या भागात पोचलात तर फक्त माणसांचा गोंगाट ऐकू येतो. म्हणून टिग कोलीला संध्याकाळचं सहाच्या सुमाराचं सेशन धरावं आणि रात्री क्रेन. दोन्ही एकाच दिवशी सहज जमतं.

टॅफ्समध्येही संध्याकाळी आणि रात्री वाजतं. तो हर्लिंग-फुटबॉलवाल्यांचा पब आहे. मोठा सामना असेल त्या दिवशी टीव्ही जिंकतो, फिडल (म्हणजे व्हायोलिन) हरतं. सामन्यांचं वेळापत्रक बघून जा.

गोदाकाठ

@सहाभोकी, मान्य. नॉटन्सचं वेगळं आहे. तिथे संगीत असतं, पण तो मुळात बसण्याचा, गप्पांचा पब आहे, आत लाकडी कप्पे-कप्पे. १८९४ पासून तो त्या नावाने आहे. ती वास्तू त्याआधी रिचर्ड मार्टिन या खासदाराचं शहरातलं घर होती. १८२२ साली ब्रिटिश संसदेत गुराढोरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा ज्याने आणला, तोच हा. दुपारी तीनला जाऊन खिडकीजवळची जागा पकडावी. रात्री नऊला तिथे उभं राहायला गेलात तर त्यात काही राम नाही.

चिंचगुळ

वेळांबद्दल कुणी नीट लिहील का? आणि मुलं बरोबर असतील तर? वेबसाइटवर "सेशन ९:३०" असं दिसतं, मुलांना घेऊन तेवढ्या उशिरा चालतं का?

मोडी

चालत नाही, आणि इथेच बऱ्याच कुटुंबांचा बेत फसतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना बारमध्ये रात्री ९ पर्यंतच थांबता येतं. मे ते सप्टेंबर ही मर्यादा १० आहे. पंधरा वर्षांच्या आतलं मूल आईवडील किंवा पालकाबरोबरच हवं. हा कायदा आहे, बारमालकाची मर्जी नव्हे, त्यामुळे "जरा दहा मिनिटं" अशी गळ घालू नका, त्याचा परवाना पणाला लागतो. कायद्याने चालत असलं तरी मुलांना आत घ्यायचं की नाही हे मात्र पबवाला ठरवू शकतो. मुलं असतील तर संध्याकाळचं सेशन किंवा रविवारची दुपार, हेच दोन पर्याय.

पब बंद होण्याच्या वेळा : सोमवार ते गुरुवार रात्री ११:३०, शुक्रवार-शनिवार १२:३०, रविवारी ११. त्यानंतर ग्लास संपवायला अर्धा तास. काही ठिकाणांना उशिरापर्यंतचा खास परवाना असतो, पण त्या वेळी तिथे डीजे असतो, फिडल नव्हे. नाताळच्या दिवशी सगळं बंद. गुड फ्रायडेची बंदी २०१८ मध्ये उठली.

"९:३०" म्हणजे वादक साडेनऊला आत येतात, कोट काढतात, बारवर जातात, वाद्यं लावतात. पहिला सूर पावणेदहाला, कधी दहाला. म्हणून उशिरा जाऊन चालेल असं समजू नका. गणित उलटं आहे. बसायला जागा हवी असेल तर पावणेनऊला आत असावं, कारण साडेनऊला खुर्च्या संपलेल्या असतात. आणि सोमवारी ते साडेअकराला आटोपतं, म्हणजे संगीत जेमतेम पावणेदोन तास. मधे एकदा विश्रांती.

वार निवडायचा तर रविवार ते गुरुवार. शुक्रवार-शनिवारी लग्नाआधीच्या पार्ट्यांचे घोळकेच्या घोळके गॉलवेत उतरतात, एकसारखे टीशर्ट घालून. जुलैच्या उत्तरार्धात कला महोत्सव, आणि त्याला लागूनच जुलैअखेरच्या सोमवारपासून आठवडाभर बॅलीब्रिटच्या घोड्यांच्या शर्यती. त्या दिवसांत हॉटेलचे दर आभाळाला भिडतात. ऑक्टोबर ते मार्च पाऊस आणि वारा सोसायची तयारी असेल तर उत्तम. त्या महिन्यांत वादक जास्त करून गावातलेच असतात आणि एकमेकांसाठी वाजवतात.

दारात गर्दी दिसली म्हणून परत फिरू नका. २००४ पासून आत सिगारेट ओढायला बंदी आहे, बाहेरचा घोळका बरेचदा तेवढ्यासाठीच उभा असतो.

सहाभोकी

बसायच्या जागेबद्दल एक महत्त्वाचं. वादकांच्या टेबलाभोवतीची बाकं रिकामी दिसली तरी तिथे बसायचं नाही. कधी पाटी असते, कधी नसते. ओळखायची खूण : भिंतीला लागून गोलाकार बाक, मधे एक-दोन बुटकी टेबलं, भिंतीवर फोटो किंवा मानपत्रं. शंका आली तर बारवर विचारा, "इथे वादक बसतात का?" चुकून बसलात तर कुणी ओरडणार नाही, ते नुसते शेजारी वाद्याची पेटी घेऊन उभे राहतील आणि तुम्हाला कळायला वीस मिनिटं लागतील.

सर्वांत चांगली जागा म्हणजे वर्तुळापासून एक टेबल सोडून, फिडलच्या बाजूला. अकॉर्डियन आणि बँजोच्या अगदी समोर बसलात तर बाकी काही ऐकू येणार नाही.

चिंचगुळ

धन्यवाद, नियोजनच बदललं. पुढचा प्रश्न जरा बाळबोध आहे. हे सगळं एकसारखंच वाजतंय असं वाटतं. व्हिडिओ ऐकले, पाच मिनिटांनी मन भरकटतं. नेमकं काय ऐकायचं?

सहाभोकी

प्रश्न बाळबोध नाही. आपल्या कानाला सवय आलाप, विस्तार, ताना अशी. इथे ते काहीच नाही. सगळी वाद्यं एकच चाल एकत्र वाजवतात, आणि प्रत्येकजण तिच्यात बारीकबारीक नक्षी करतो. विस्ताराची वाट बघत बसलं की कंटाळा येणारच.

रचना अशी असते. बहुतेक चालींचे दोन भाग. प्रत्येक भाग आठ आवर्तनांचा, आणि तो दोनदा वाजतो. म्हणजे एका फेरीत बत्तीस आवर्तनं. चालींचे प्रकार नाचांवरून पडतात : रील असेल तर एक आवर्तन केहरव्यासारखं आठ मात्रांचं, जिग असेल तर दादऱ्यासारखं सहाचं, तीन-तीनच्या दोन गटांत. स्लिप जिग नऊचा, तीन-तीनचे तीन गट. हॉर्नपाइप आठचाच, पण डोलत आणि सावकाश. पोल्का दोनाचा, तो जास्त करून केरी-कॉर्क सीमेकडच्या लोकांचा.

सेशनच्या लयीत एक फेरी साधारण अर्ध्या मिनिटाची होते. तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी चाल, मग तिसरी. या तिन्हींचा मिळून एक सेट, सुमारे पाच मिनिटं. ऐकायचं काय तर तो बदल. दुसरी चाल बहुधा वेगळ्या पट्टीत असते आणि उडी लागते त्या क्षणी कुणीतरी "हप्" असं ओरडतं. बदलाआधी सुरू करणारा वादक इतरांकडे बघतो, भुवई उडवतो, कधी पाय उचलतो. कुठली चाल येणार हे बाकीच्यांना बरेचदा माहीत नसतं, दोन-तीन सुरांत ओळखून ते सामील होतात. ते दोन-तीन सूर पकडायला लागलात की मन भरकटत नाही.

थाटांच्या भाषेत सांगायचं तर बहुतेक चाली बिलावल, खमाज आणि काफीच्या स्वरांत. षड्ज पांढरी दोन (पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी, म्हणजे डी), पांढरी पाच, पांढरी सहा, आणि काफीच्या वळणासाठी पांढरी तीन किंवा सहा. हे स्वर नुसते स्वर म्हणून जुळतात, राग शोधायला जाऊ नका.

वाद्यं : फिडल, टिन व्हिसल, लाकडी फ्लूट, बटनांचा अकॉर्डियन, कॉन्सर्टिना (त्याचंच छोटं भावंड), चार तारांचा बँजो, आणि नशीब असेल तर इलन पाइप्स. हे बसून वाजवायचं वाद्य आहे. तोंडाने हवा भरत नाहीत, एका कोपराखालचा भाता हवा भरतो आणि दुसऱ्या कोपराखालची पिशवी दाबतात. स्कॉटिश बॅगपाइपपेक्षा आवाज मऊ आणि पल्ला दोन सप्तकांचा. २०१७ मध्ये या वादनपरंपरेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. साथीला गिटार किंवा बुझुकी (लांब मानेचं तंतुवाद्य), आणि तालाला बौरॉन. बौरॉन म्हणजे बकऱ्याच्या कातड्याची, एका बाजूने उघडी डफासारखी चौकट, छोट्या दांडीने वाजवतात.

रानवारा

गॉलवेत असाल तर एक गोष्ट कान देऊन ऐका. पूर्व गॉलवेची जुनी फिडलची ढब संथ आहे, उदास आहे. कॉन्सर्टिना आणि वेगवान बँजो ऐकून कान भरले असतील तर ही ढब धक्का देते. पॅडी फाही यांच्या चाली कुणी वाजवल्या तर लगेच ओळखू येतात, रील असूनही घाई नाही. त्यांनी रचलेल्या चालींना नावंच दिली नाहीत, सगळ्या "पॅडी फाहीची जिग", "पॅडी फाहीची रील" अशाच ओळखल्या जातात. याच्या उलट टोकाला पीटर्सवेलचे जो कूली, अकॉर्डियनवाले, त्यांच्या वाजवण्यात प्रचंड ओढ. दोघे गॉलवे काउंटीचेच.

वेळूवन

बासरी वाजवते. बरोबर आणली तर सेशनमध्ये बसता येईल का? कुठली न्यावी?

सहाभोकी

येईल, आणि बासरी योगायोगाने छान जमते. टिन व्हिसल आणि आयरिश फ्लूट दोन्ही पांढरी दोनच्या : सहाही भोकं बंद केली की तो सूर. आपल्या बासरीत तीन बंद असताना सा आणि सहा बंद असताना मंद्र पंचम. म्हणजे पांढरी पाचची बासरी घ्यायची. तिचा मंद्र पंचम म्हणजे पांढरी दोन, आणि अर्धं भोक न वापरता सगळी बोटं क्रमाने उचलली की थेट व्हिसलचंच सप्तक मिळतं. तुमचा तीव्र मध्यम तिथे निषाद होतो. पांढरी पाचच्या आणि खमाज-काफीच्या बऱ्याच चालींसाठी तुमचा शुद्ध मध्यम, म्हणजे वरचं भोक अर्धं, लागेल. व्हिसलवाले तो सूर वरचं भोक उघडं ठेवून त्याखालची दोन झाकून काढतात. तोही करून बघा, जलद चालीत अर्ध्या भोकापेक्षा सोपा जातो. हा सूर प्रत्येक बासरीवर सुरात लागेलच असं नाही, घरी ट्यूनरवर तपासा.

काळी एक किंवा पांढरी तीनची नेहमीची बासरी नेऊ नका. तिच्यावर या पट्ट्या वाजवायच्या म्हणजे दर दोन सुरांमागे अर्धं भोक, आणि रीलच्या लयीत ते अशक्य.

सूर ४४० वर (पांढरी सहा म्हणजे ४४० हर्ट्झ) लावलेला असतो. थंडीतून आत आलेली बासरी उतरलेली लागते, कोटाच्या आत धरून किंवा हळू फुंकून दहा मिनिटं गरम करा, मग वाजवा.

सामील होण्याची रीत : आधी एक सेशन नुसतं ऐकायचं. मग दोन सेटच्या मधे ठरलेल्या वादकांपैकी एकाला विचारायचं. "हो" म्हटल्यावर बाहेरच्या कड्यावर बसायचं, आतल्या बाकावर नाही. ज्या चाली पूर्ण येतात तेवढ्याच वाजवायच्या, बाकी वेळ बासरी मांडीवर. न येणारी चाल अंदाजाने चाचपडत वाजवणं हा सर्वांत मोठा गुन्हा, कारण सगळे एकच चाल वाजवत असताना एक चुकीचा सूर सगळ्यांना ऐकू येतो. दहा-पंधरा सर्वत्र चालणाऱ्या चाली पाठ असतील तर रात्रभरात दोन-तीनदा तरी हात लावता येतो. तुम्हाला "सुरू करा" म्हटलं तर सावकाश सुरू करा. तुम्ही धराल तीच लय सगळे धरतात आणि नवखा माणूस घाबरून नेहमी जास्त वेगाने सुरुवात करतो.

वेळूवन

हे सोन्यासारखं आहे. तबलावाला भाऊही बरोबर आहे, तो विचारतोय.

मोडी

तबला घरी ठेवावा. बौरॉनसुद्धा एका वेळी एकच, हा अलिखित नियम. दोन झाले की एकमेकांची लय खातात आणि फिडल बुडतं. गिटारचंही तेच, दोन गिटारवाल्यांचे कॉर्ड वेगवेगळे पडले की चालीचा रंगच बदलतो. हार्मोनियमही नको. भात्याच्या सुरांचं वावडं नाही, कॉन्सर्टिना त्याच जातीची, पण पेटी सगळी पोकळी भरून टाकते. आणि चमचे, खुळखुळे, टेबलावर बोटं वाजवणं हेही नको.

चिंचगुळ

टाळ्या? फोनवर रेकॉर्डिंग?

मोडी

सेट संपला की टाळ्या जरूर. चालू असताना ठेका धरून नको. गर्दीचा ठेका हळूहळू पुढे पळतो, आणि वादकांना एकतर त्यामागे धावावं लागतं किंवा त्याविरुद्ध वाजवावं लागतं.

रानवारा

इतकंही कडक नसतं हो. पाय हलवा, डोकं हलवा, "हप्" म्हणा. शनिवारी टिग कोलीत अर्धा पब टाळ्या वाजवत असतो आणि वादक हसत असतात.

मोडी

शनिवारी टिग कोलीत त्यांच्यापुढे पर्याय काय असतो? मंगळवारी क्रेनमध्ये करून बघा.

रेकॉर्डिंगबद्दल : अर्धा मिनिट, फ्लॅश बंद, फोन स्वतःच्या छातीच्या उंचीवर. पूर्ण सेट घ्यायचा असेल तर विचारा, शिकण्यासाठी आवाज घेणाऱ्यांना सहसा कुणी नाही म्हणत नाही. फोन वर्तुळाच्या आत सरकवू नका. प्रसिद्ध गाण्यांची फर्माईश करू नका. तिथे ती वाजवता येत नाहीत असं नाही, पण बॅलडच्या पबात तेच तर चालू असतं. टेबलावर पैसेही टाकायचे नाहीत. शॉप स्ट्रीटवर रस्त्यात वाजवणाऱ्यांसाठी नाणी ठेवा. सेशनमधल्या वादकांचे आभार मानायचे तर बारवाल्याला सांगा, "त्यांना जे चालू आहे ते एकेक द्या." तो विश्रांतीत नेऊन देईल.

आणि मधेच कुणी एकट्याने, साथीशिवाय गायला लागलं तर जागच्या जागी गप्प. बारवरची ऑर्डरसुद्धा थांबते. आयरिश भाषेतलं शान नोस, म्हणजे जुन्या ढबीचं साथीशिवायचं गाणं, असेल तर पाच-सहा कडवी चालतं, एकही शब्द कळला नाही तरी बोलायचं नाही. यातली गलका करणारी टेबलं नेहमी दाराजवळची असतात, म्हणून तिथे बसू नका.

मिरगाचाकिडा

पिण्याचं कुणी बोलेना!

गोदाकाठ

घ्या. बारवर जाऊन मागायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे, कार्ड चालतं. टेबलावर वेटर येत नाही, प्रत्येक ग्लासामागे टीप देत नाहीत. पाइंट म्हणजे ५६८ मिली, अर्धा हवा असेल तर "ग्लास" मागा. गॉलवेत पाइंट सहा युरोच्या आसपास, डब्लिनच्या टेंपल बारमध्ये त्याहून बराच महाग.

गिनेस दोन टप्प्यांत ओततात. ग्लास पंचेचाळीस अंशांत तिरका धरून पाऊण भरतात, ठेवून देतात, मग सरळ धरून वरचा भाग भरतात. कंपनीचा आकडा ११९.५ सेकंदांचा, पण धरून चाला दोन मिनिटं. त्यात नायट्रोजन असतो, बुडबुडे अगदी बारीक असतात आणि फेस बसायला वेळ लागतो. म्हणून चौघांसाठी मागत असाल तर गिनेस पहिल्यांदा सांगा, ते निवळेपर्यंत बाकीचं होतं. शेवटी सांगितलंत तर मागची रांग तुमच्याकडे बघते. अर्धवट भरलेला ग्लास काउंटरवर दिसला म्हणून उचलायचा नाही. शाकाहाऱ्यांसाठी : गाळायला माशाचा पदार्थ वापरायची जुनी पद्धत आता नाही.

न पिणाऱ्यांची अडचण होत नाही. बिनअल्कोहोलचं गिनेस बहुतेक ठिकाणी असतं, संत्रं-लिंबाचं रॉक शँडी असतं, आणि चहा मागितला तरी कुणी चकित होत नाही. फक्त नळाच्या पाण्यावर तीन तास खुर्ची अडवू नका, पबाची कमाई तीच. गाडी आणली असेल तर घेऊच नका. मर्यादा रक्ताच्या १०० मिलीला ५० मिलिग्रॅम आहे, नवशिक्या परवान्याला २० च.

जेवून जा. जिथे स्वयंपाकघर असतं तिथेही ते नऊच्या सुमारास बंद होतं, टिग कोलीसारख्या ठिकाणी जेवणाची अपेक्षाच धरू नका. शाकाहारी माणसाने "सूप ऑफ द डे" मागताना ते चिकनच्या पाण्यात केलंय का विचारावं, चावडर म्हणजे मासेच, आणि "टोस्टेड स्पेशल" मध्ये हॅम असतं. चीज-कांद्याची टोस्टी वेगळी सांगा.

हो, आणि संडासाच्या पाट्या बऱ्याच ठिकाणी आयरिशमध्ये असतात. "फिर" पुरुषांचं, "म्नॉ" बायकांचं. "म" अक्षर बघून आत शिरणाऱ्या पुरुषांची रोज फजिती होते.

चिंचगुळ

😀 नोंद केली. डब्लिनमध्ये एक संध्याकाळ मिळतेय, गॉलवेला जाण्याआधी. टेंपल बार?

रानवारा

टेंपल बार बाहेरून बघा, फोटो काढा, पुढे चला. डब्लिनमध्ये एकच संध्याकाळ असेल तर स्मिथफील्डचा कोबलस्टोन. पुढच्या बारमध्ये रोज सेशन, मागच्या खोलीत तिकिटाचे कार्यक्रम. २०२१ मध्ये त्या जागी हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. गॉलवेची गाडी ह्यूस्टन स्टेशनवरून सुटते, आणि तिथून लुआस ट्रामच्या लाल मार्गावर शहराकडे दुसराच थांबा स्मिथफील्ड. शहराच्या दक्षिणेला राहत असाल तर मेरियन रो या रस्त्यावरचा ओडोनोह्यूज. १९६२ साली उभा राहिलेला डब्लिनर्स हा गट तिथल्याच बैठकांमधला.

गॉलवेला विमानतळावरून थेट बसही आहेत, अडीच-तीन तास. शहरात शिरायची गरज नाही. आणि व्हिसा : शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये येता येत नाही, वेगळा लागतो.

मिरगाचाकिडा

हे सगळं शेकडो वर्षांपासून पबात असंच चालत आलंय ना? वातावरणच तसं वाटतं.

मोडी

चाली जुन्या, पबातली बैठक नवी. हे संगीत स्वयंपाकघरात आणि चौकात नाचासाठी वाजायचं. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला आणि पाद्र्यांनी तो घरच्या नाचांवरही उगारला. पबातली सेशनं रुळली ती आधी लंडनमध्ये, १९४० च्या दशकात, बांधकामावर गेलेल्या आयरिश कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांत वाजवायला जागा नव्हती म्हणून. १९५१ मध्ये कोल्टस ही संस्था निघाली, तिच्या वार्षिक स्पर्धांच्या गावांत वादक रात्रभर पबात बसू लागले आणि साठच्या दशकात ते सगळीकडे पसरलं.

वेळूवन

गॉलवेच्या बाहेर एक रात्र काढायची तर?

सहाभोकी

जवळ हवं तर स्पिडल. किनाऱ्याने पश्चिमेला, ४२४ नंबरची बस. गावात आयरिश बोलतात. तिथल्या टी ह्यूजमधल्या सेशनांतून १९७० च्या दशकात डी डॅनन हा गट निघाला. परतीची बस आधी बघून ठेवा, नाहीतर टॅक्सी.

दूर हवं तर शेजारच्या क्लेअर काउंटीमधलं डूलिन, ३५० नंबरची बस, मोहरच्या कड्यांच्या वाटेवर. मोजके पब, रोज संगीत, उन्हाळ्यात तोबा गर्दी. रात्री परतायला बस नसते, म्हणजे मुक्काम तिथेच. तुम्ही जुलैच्या पहिल्या आठवड्यात जात असाल तर डूलिन सोडा आणि मिलटाउन मॅलबेला जा. १९७३ पासून तिथे विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं. सकाळी फ्लूटचे, व्हिसलचे वर्ग, दुपारपासून प्रत्येक पबात, मागच्या अंगणात, जिन्यात सेशन. राहायची जागा कित्येक महिने आधी लागते. न मिळाल्यास एनिसला राहून जाता येतं, पण मग रात्रीची गाडी ठरवून ठेवा.

वेळूवन

जुलैच पक्का करते. पांढरी पाचची बासरी आजच सांगते.

सहाभोकी

सांगताना ४४० ला मिळवून द्या म्हणा. शिवाय दहा-पंधरा युरोंची पांढरी दोनची पितळी व्हिसल तिथे पोचल्यावर घ्या. वर्गात शिक्षक बोटं दाखवतात ती व्हिसलची असतात आणि गर्दीच्या पबात बासरीपेक्षा तीच ऐकू येते.